मांजर हरवते कोठे, शोधले जाते कोठे

पाळीव मांजर हरवल्याची तक्रार घेऊन पालक दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला मिळणारा सल्ला बहुधा कुत्र्यांच्या अनुभवावर बेतलेला असतो: जवळच्या निवारागृहांत चौकशी करावी, चिप असल्यास नोंद तपासावी आणि वाट पाहावी. हरवलेला कुत्रा रस्त्याने चालत राहतो, लोकांच्या नजरेस पडतो आणि कोणीतरी त्याला उचलून निवाऱ्यात पोहोचवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याच अंशी लागू पडतो. मांजर मात्र अनोळखी जागेत सापडले की जवळचा आडोसा गाठून गप्प बसते, आणि मालकाने हाक मारली तरी अनेकदा उत्तर देत नाही. गेल्या दोन दशकांतील संशोधन पाहिले, तर मांजराची ओळख आणि निवाऱ्याचे काम या दोन्हींचा विचार निवाऱ्याच्या दारापासून नव्हे, तर घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हायला हवा, असे दिसते.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मॉन्टगोमेरी परगण्यात लिंडा लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हरवलेल्या १३८ मांजरांपैकी ५३ टक्के मालकांना परत मिळाली, तर त्याच भागातील कुत्र्यांच्या अभ्यासात हे प्रमाण ७१ टक्के होते. परत मिळालेल्या मांजरांपैकी सुमारे दोन तृतीयांश आपणहून घरी आली किंवा घराबाहेरच आढळली, आणि हरवताना अंगावर कोणतीही ओळख असलेल्या मांजरांचे प्रमाण केवळ १९ टक्के होते. घरातून बाहेर न पडणाऱ्या मांजराला खुणेची गरज काय, हा मालकांचा समज या आकड्यामागे असावा. पण बाहेरची सवय नसलेले मांजरच दार उघडे राहिल्यावर सर्वांत अधिक गोंधळते.

मांजर किती दूर जाते, याचे उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. ऑनलाइन प्रश्नावलीद्वारे १२१० हरवलेल्या मांजरांची माहिती त्यासाठी गोळा करण्यात आली होती. त्यांतील ६१ टक्के मांजरे वर्षभरात सापडली आणि ३४ टक्के पहिल्या सात दिवसांतच मालकाला जिवंत मिळाली. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मांजरे फार थोडी होती. सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरे निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती, आणि केवळ घरात राहणाऱ्या मांजरांच्या बाबतीत ही मर्यादा १३७ मीटर इतकी कमी होती. उत्तरे देणारे मालक स्वेच्छेने पुढे आलेले असल्याने या आकड्यांना नमुना-निवडीची मर्यादा आहे, परंतु अंतराचा निष्कर्ष मांजराच्या वर्तनाशी इतका जुळतो की, पालकाला पहिल्याच दिवशी सांगण्याजोगी याहून उपयुक्त गोष्ट क्वचितच असेल. शहरी सोसायटीत याचा अर्थ जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, पंपघर, इमारतीमागची डक्ट आणि उभ्या गाड्यांच्या खालची जागा असा होतो. तेथे रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन, प्रत्येक कोपऱ्यात वाकून पाहावे लागते. शेजाऱ्यांनी नुसते "दिसले नाही" म्हणून भागत नाही, त्यांना आपापली बंद गॅरेजे आणि माळे उघडायला लावावे लागते, कारण त्याच अभ्यासात जिज्ञासू स्वभावाची मांजरे दुसऱ्याच्या घरात सापडण्याची शक्यता अधिक आढळली होती.

आता चिपविषयी. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी. तिच्यात बॅटरी नसते आणि स्कॅनरच्या लहरींनी जागी होऊन ती केवळ एक क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक पंधरा अंकी असतो आणि तो १३४.२ किलोहर्ट्‌झ या वारंवारतेवर वाचला जातो. मांजर कोठे आहे हे चिप सांगत नाही, ही गोष्ट व्यावसायिकांना उघड वाटली तरी पालकांना वारंवार सांगावी लागते. लॉर्ड यांच्याच २००९ च्या अभ्यासात अमेरिकेतील ५३ निवाऱ्यांची माहिती तपासली गेली, तेव्हा तेथे आलेल्या सर्व बेवारस मांजरांपैकी अवघी १.८ टक्के मालकांकडे परतली होती, तर चिप असलेल्यांपैकी ३८.५ टक्के परतली होती. फरक डोळ्यांत भरणारा असला, तरी तो सर्वस्वी चिपच्या खात्यावर मांडणे योग्य ठरणार नाही, कारण पहिल्या आकड्याच्या छेदात कधीच मालक नसलेली मांजरेही आहेत, आणि चिप बसवणारा मालक शोधाच्या बाबतीतही अधिक दक्ष असण्याचा संभव आहे. चिप असूनही मालक का सापडला नाही, याच्या कारणांत चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक सर्वांत वर होता, आणि काही चिपांची तर मुळात नोंदणीच झालेली नव्हती. सुई टोचण्याचे काम पशुवैद्यक करतो आणि नोंदणीचा कागद पालकाच्या हाती देऊन मोकळा होतो; नेमक्या याच सांध्यावर व्यवस्था तुटते.

गळपट्ट्याची गोष्ट याच ठिकाणी येते. चिप वाचायला स्कॅनर लागतो, तो दवाखान्यात किंवा निवाऱ्यात असतो, आणि मांजर तर दोन इमारतींपलीकडे कोणाच्या तरी बाल्कनीत असते. त्या बाल्कनीतल्या माणसाला वाचता येईल अशी खूण म्हणजे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहिलेला पट्टा. मांजराला पट्टा मानवत नाही, या सार्वत्रिक समजुतीची परीक्षा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५३८ मांजरांवर झाली. सहा महिन्यांच्या अखेरीस त्यांपैकी ७२.७ टक्के मांजरांनी पट्टा व्यवस्थित वागवला होता, आणि पट्टा कशात तरी अडकण्याचा किंवा त्यात पाय अथवा जबडा गुंतण्याचा प्रकार ३.३ टक्के मांजरांच्या बाबतीत घडला. ताण पडताच सुटणारा पट्टा, दोन बोटे जातील इतपत सैल, आणि पिल्लाच्या वाढीबरोबर तपासलेला, एवढी काळजी पुरेशी असते. सुटलेला पट्टा हरवतो, म्हणून चिपही हवी. एक खूण शेजाऱ्यासाठी आणि दुसरी स्कॅनरसाठी, अशी ही विभागणी आहे.

निवारागृहांना मात्र अधिक अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पिंजऱ्यात येताच फिस्कारणारे, अंग चोरून मागे सरणारे मांजर रानटी आहे की घाबरलेले घरचे आहे, हे पहिल्या दिवशी नजरेने ठरवता येत नाही. त्याला लपायला एखादे खोके देऊन काही दिवस शांत ठेवले, तरच त्याचा मूळ स्वभाव हळूहळू दिसू लागतो. त्याहीपूर्वीचा प्रश्न असा की, धष्टपुष्ट, निरोगी प्रौढ मांजर मुळात आत घ्यावे का. कोणी दयेपोटी त्याला पिशवीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले, तर आपणहून घरी परतण्याची त्याची सर्वांत मोठी शक्यता त्या क्षणीच संपते. फ्लोरिडातील जॅक्सनविल येथे २००८ पासून भटक्या मांजरांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागीच सोडण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे अनेक अमेरिकी निवाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले. आपल्याकडील जन्मनियंत्रणाच्या मोहिमांतही उचलल्या जागी परत सोडण्याचे तत्त्व रुजले आहे, पण शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक मांजराचा स्कॅन घेण्याची सवय त्याबरोबर रुजायला हवी. स्कॅनर खांद्यांच्या मधोमध फिरवून थांबू नये, कारण चिप मानेच्या बाजूला किंवा खांद्याखाली सरकलेली असू शकते; तो सावकाश, अंगालगत, दोन्ही बाजूंनी फिरवावा, आणि धातूचे टेबल किंवा जवळचा संगणक वाचनात अडथळा आणतो हेही ध्यानात ठेवावे.

इंग्लंडने १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांचे होण्याआधी प्रत्येक पाळीव मांजराला चिप बसवणे सक्तीचे केले, आणि न बसवल्यास ५०० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद केली. परंतु तेथे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणा वीसहून अधिक आहेत, आणि क्रमांक वाचल्यावर तो कोणाकडे विचारायचा, हे शोधण्यातच वेळ जातो. अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला एका नोंदणी कंपनीचे काम अचानक थांबले, तेव्हा तिच्याकडे नोंद असलेल्या प्राण्यांच्या अंगात चिप शाबूत असूनही मालकांना दुसरीकडे नव्याने नोंदणी करावी लागली. महाराष्ट्रात अनेक मांजरांना चिप बसते ती कुटुंब परदेशी निघाल्यावर, कारण युरोपीय संघात प्रवेशासाठी रेबीजच्या लसीआधी चिप असणे आवश्यक असते. विमानाच्या तिकिटापुरती बसवलेली ही चिप नंतर कोणी वाचत नाही, आणि तिच्याशी जोडलेला क्रमांक बहुधा जुन्या शहरातला राहतो. वार्षिक लसीकरणाच्या वेळी मांजराचा स्कॅन घेणे, आलेला क्रमांक लसीच्या पुस्तिकेत लिहिणे आणि पालकासमोरच नोंदीतला मोबाईल क्रमांक पडताळणे, एवढे काम दवाखान्याचा सहायकही करू शकतो, आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारण्याचे कारण नाही.