मे महिन्यात मालवणला जायचंय? हॉटेलच्या आधी समुद्राची तारीख पाहा

शाळांना सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातल्या घरांमध्ये एक चर्चा हमखास होते. यंदा कोकणात जायचं, तर कधी? उत्तर बहुतेक वेळा रजेवरून ठरतं. धाकट्याचं शिबिर संपू दे, मोठीचा निकाल लागू दे, ऑफिसातलं काम हातावेगळं होऊ दे, असं करत करत तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यावर येऊन थांबते. मग हॉटेल शोधलं जातं, रेल्वे प्रतीक्षायादीत जाते, शेवटी गाडी काढली जाते. या सगळ्यात एक गोष्ट कुणीच पाहत नाही, ती म्हणजे ज्याच्यासाठी जायचं तो समुद्र त्या आठवड्यात कसा असेल.

मालवण, तारकर्ली, देवबाग, वायरी हा पट्टा आज राज्यातल्या सर्वाधिक पसंतीच्या किनाऱ्यांपैकी एक आहे. स्कुबा, पॅरासेलिंग, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, कर्ली खाडीतली सफर हे सगळं दोन दिवसांत बसवता येतं, म्हणून गर्दी होते. पण या सगळ्यावर एक तारीख आहे. पावसाळ्यापूर्वी राज्यात जलक्रीडा आणि प्रवासी होडी वाहतूक २५ मेपर्यंतच चालते. २६ मे ते ३१ ऑगस्ट बंदी असते. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही या काळात किनाऱ्यावर ओढल्या जातात. २७ मेचं हॉटेल घेऊन मालवण जेटीवर उभं राहायचं आणि समोरचा किल्ला लांबूनच पाहून परत फिरायचं, असं होऊ नये यासाठी ही तारीख माहीत असायला हवी.

मात्र ही तारीख माहीत असणं पुरेसं नाही. बंदी २६ मेपासून लागते, म्हणून २५ मेपर्यंत समुद्र सुरक्षित असतो, असा अर्थ अनेक जण काढतात. समुद्र परिपत्रक वाचत नाही.

२४ मे २०२२

त्या दिवशी तारकर्लीत स्कुबा आटोपून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. हंगाम संपायला एकच दिवस उरला होता. त्याआधी १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, म्हणजे बंदीच्या दहा दिवस आधी. २०२५ मध्ये तर अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आला आणि पाठोपाठ मान्सूनही. केरळात मान्सून येण्याची सरासरी तारीख १ जून, मुंबईत ११ जून. त्या वर्षी तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला होता. बंदीचा पहिला दिवस आणि मुंबईतल्या पावसाचा पहिला दिवस एकच.

पाच वर्षांत तीन वेळा असं झालं, तर मेचा शेवटचा पंधरवडा हा 'हंगामाचा शेवट' नसून जोखमीचा काळ आहे, असंच म्हणावं लागेल. सहल आखणाऱ्याने तो सरळ वगळावा. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते १२-१५ मे हा त्यातल्या त्यात बरा काळ. राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, त्यामुळे पहिला पंधरवडा मिळवणं बहुतेक कुटुंबांना जमण्यासारखं आहे. निकालाची वाट पाहण्याचं कारण तर अजिबात पटत नाही. निकाल मोबाइलवर लागतो आणि तो देवबागमध्येही दिसतो.

आकाश निळं, तरी लाटा मोठ्या का?

मेमध्ये किनाऱ्यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'ढग नाहीत, वारा नाही, मग होडी का सोडत नाही?' याचं उत्तर हजारो किलोमीटर दूर असतं. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळं होतात. तिथे तयार झालेल्या लांब लाटा काही दिवस प्रवास करून भारताच्या किनाऱ्यावर येतात. इथे हवा स्वच्छ असते, लाटा मात्र परक्या वादळाच्या असतात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत. उथळ पाण्यात आल्यावर त्यांची उंची वाढते आणि त्या फुटतात. होडीला सगळ्यात मोठा धोका या फुटण्याच्या पट्ट्यात, म्हणजे किनाऱ्याच्या अगदी जवळ असतो. 'आता पोहोचलोच' असं वाटतं तिथेच.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, वारा आणि प्रवाह यांचा किनारपट्टीनिहाय अंदाज रोज देते आणि गरज असेल तेव्हा उंच लाटांचा इशाराही. तो मोफत आहे. मच्छीमार तो पाहतात. पर्यटक हॉटेलची रेटिंग पाहतात.

पोहायला उतरणाऱ्यांचा धोका वेगळा आहे आणि त्याला मे महिनाच लागतो असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले आठ जण बुडाले. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद जागेतून जोरात समुद्राकडे ओढलं जातं. गंमत म्हणजे ती जागा बाकीच्या पाण्यापेक्षा शांत दिसते, तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून लोक मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट केला, तर तो दमतो. अंग सैल सोडून तरंगायचं, मदतीसाठी हात वर करायचा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी नदीचा आणि उतरत्या भरतीचा ओढा एकत्र होतो. त्या संगमावर पाण्यात उतरूच नये.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना भरतीच्या वेळेसाठी ॲप लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येतो तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती आणि त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. शुद्ध पक्षात असो की वद्य, हिशेब एकच.

हे जमतं कसं? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट केल्यावर रोजची ४५ मिनिटं येतात. थोडी चूक राहते, पण सहल आखायला एवढा अंदाज पुरतो. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेवढा फरक मालवणात धरावा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त मागे जातं. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

आता याचा उपयोग. तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी असते. दांडीच्या किनाऱ्यासमोरचा पद्मगड, चिवल्याजवळचे खडक हे सगळं उन्हाआधी पाहता येतं. एकादशीला तीच ओहोटी दुपारी दोन-अडीचला येते, तेव्हा वाळूवर पाय ठेवणंही नकोसं असतं. पद्मगडाकडे पायी जाणाऱ्यांनी तर पाणी उतरत असतानाच निघावं आणि चढू लागताच परतावं, आणि तेही स्थानिक माणसाला विचारून. घरात कालनिर्णय असेल तर हॉटेलच्या तारखांआधी तिथी पाहायला एक मिनिट लागतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यालाही सकाळी पहिल्या होड्यांनी जावं. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची उभारणी सुरू केली. क्षेत्र सुमारे ४८ एकर, आणि तटावर सावली नाही. मेमधला पारा मालवणात विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही. अकरानंतर तटावरून चालणारे बरेच जण शिवराजेश्वर मंदिराच्या सावलीतून पुढे सरकत नाहीत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी मग बघायच्याच राहून जातात. चारही बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर गोडं पाणी कसं टिकतं, हे मुलांना दाखवण्यासारखं दुसरं ठिकाण जवळपास नाही.

जायचं कसं

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. २ मेची गाडी हवी असेल तर ३ मार्चला सकाळी आठ वाजता तयार राहावं लागेल. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या गाड्यांची मेमधली तिकिटं फार वेळ टिकत नाहीत, कारण चाकरमानी मंडळीही त्याच दिवसांत गावी निघालेली असतात. मालवणसाठी कुडाळला उतरणं सोयीचं, तिथून रस्त्याने साधारण ३० किलोमीटर. परतीचं तिकीट आधी काढावं. जाताना कसंही जाता येतं, येताना आंब्याच्या पेट्या असतात.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहावं तितकं थोडं. सिंधुदुर्गातला टप्पा चांगला आहे, त्रास त्याआधीच होतो. रात्री निघून सकाळी पोहोचू, या हिशेबाने सलग ५०० किलोमीटर गाडी हाकून लगेच पाण्यात उतरणारे गट दर वर्षी दिसतात. त्या दिवशी स्कुबा ठेवू नये, एवढं पथ्य तरी पाळावं.

खोलीबद्दल एकच सांगणं. घरगुती निवासात उतरलात तर पाणी जपून वापरा. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडात तो थांबत नाही आणि मेमध्ये अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. जेवणात सुरमई-पापलेटचाच आग्रह धरला तर खिशाला चटका बसणार, बांगडा किंवा मुडदुशे मागितले तर स्वयंपाकघरातला माणूसही खूश होईल.

आगाऊ रकमेचं काय?

सुरक्षेवर बोलताना लाइफ जॅकेट, होडीची क्षमता, परवाना यांचा उल्लेख होतो, तो व्हायलाच हवा. जॅकेट अंगात घालायचं आहे, मांडीवर ठेवायचं नाही. होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एक माणूस जास्त असेल तर उतरायचं. पण धोका पैशांच्या व्यवहारातही आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

पर्यटकाने 'पॅकेज' म्हणून दोन रात्री, स्कुबा आणि किल्ल्याची होडी यांची रक्कम आगाऊ भरलेली असते. सकाळी समुद्र खवळलेला दिसतो. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, हे अनेकदा कुठे लिहिलेलंच नसतं. मग पर्यटक म्हणतो, इतक्या लांबून आलो आहोत, एक फेरी होऊ द्या. व्यावसायिकाला दिसत असतं की हंगामाचे चारच दिवस उरलेत आणि पुढे तीन महिने होडी वर ओढलेली असणार. होडीचं कर्ज मात्र त्या तीन महिन्यांतही फिटवावं लागतं. दोघांपैकी कुणीच वाईट माणूस नाही, पण दोघांचाही फायदा 'हो' म्हणण्यात आहे. अशा वेळी निर्णय समुद्रावरून नव्हे, पावतीवरून होतो.

काही जण म्हणतील, ठरावीक तारखेची बंदीच अजून आधी आणा, १५ मे करा. त्याने शांत समुद्राचे दिवसही बुडतील आणि स्थानिकांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा घास जाईल. तारीख असावीच, ती स्पष्ट असते आणि तिच्यावर घासाघीस होत नाही. पण मेच्या पंधरवड्यात तिच्या जोडीला रोजचा निर्णय हवा. सकाळी लाटांचा अंदाज पाहून बंदर अधिकाऱ्यांनी जेटीवर लाल किंवा हिरवा बावटा लावावा आणि लाल असेल त्या दिवशी आगाऊ रक्कम पूर्ण परत करणं परवान्याच्या अटीतच असावं. नुकसानीचा भार एकट्या होडीवाल्यावर पडू नये, त्यासाठी हंगामी विम्यासारखा मार्ग शोधता येईल. हा खर्च प्रत्येक तिकिटावर थोडा थोडा आला तरी पर्यटकाने कुरकुर करू नये.

तोवर बुकिंग करणाऱ्याच्या हातात एक साधी गोष्ट आहे. पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारायचं, 'समुद्रामुळे फेरी रद्द झाली तर रक्कम परत कराल का?' उत्तर लेखी घ्यायचं. शक्य असेल तर खोलीचे पैसे आधी आणि पाण्यातल्या खेळांचे पैसे जेटीवर, असं ठेवायचं.

आणि रजा मेच्या शेवटच्या आठवड्यातच मिळत असेल तर? जावं, पण समुद्र वगळून जावं. विजयदुर्गात रस्त्याने पोहोचता येतं. कुणकेश्वर आहे, सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, धामापूरचा १५३० सालचा तलाव आहे, ज्याला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. तलाव मात्र काठावरूनच पाहायचा. त्या दिवसांत फणस, करवंदं आणि जांभळं सगळीकडे असतात, आणि खोल्यांचे दरही पहिल्या पंधरवड्याइतके ताणलेले नसतात.