अनुल्लेखाची परंपरा आणि उल्लेखांची मोजदाद

मराठी साहित्याच्या संशोधनपत्रिकेत राज्यशास्त्रीय नियतकालिकांचा विचार कशासाठी, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मराठी वैचारिक नियतकालिकांच्या घडणीतच सापडते. १९४७ साली सुरू झालेले आणि पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेने चालविलेले 'नवभारत', किंवा साठोत्तर काळात उदयास आलेली 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंक चाळले, तर राज्यसंस्था, जात, धर्म, भाषा आणि साहित्य हे विषय एकाच अनुक्रमणिकेत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मराठीत राज्यशास्त्राचे लेखन आणि साहित्यविचार यांच्यामध्ये कधीच पक्की भिंत नव्हती. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' हा बहुखंडात्मक इतिहास लिहिणारे य. दि. फडके हे राज्यशास्त्राचे अभ्यासक. २००० साली बेळगाव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साहित्य अकादेमीसाठी एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचे संपादन करणारे भास्कर लक्ष्मण भोळे हेही राज्यशास्त्राचेच प्राध्यापक. राम बापट यांच्या व्याख्यानांचा आणि प्रस्तावनांचा ठसा तर मराठीच्या कितीतरी अभ्यासकांवर आहे. म्हणूनच मराठीतील राज्यशास्त्रीय संशोधनाची मोजदाद कशी होते, हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अलीकडे एखाद्या नियतकालिकाचे मूल्यमापन करावयाचे म्हणजे दोन गोष्टी पाहावयाच्या, असा संकेत रूढ झाला आहे. त्यातील संशोधनाचे कल कोणते, ही पहिली. आणि त्यातील लेखांचा अन्यत्र किती वेळा उल्लेख झाला, ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट वाचनाने कळते, दुसरी मोजणीने. वाचनास वेळ लागतो, मोजणीस लागत नाही. म्हणून हळूहळू दुसरीनेच पहिलीची जागा घेतली.

या मोजणीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. युजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने १९५५ साली संदर्भोल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली आणि साठच्या दशकात विज्ञानविषयांची अशी सूची प्रत्यक्षात आणली. पुढे सामाजिक शास्त्रांसाठी, आणि १९७८ साली कला व मानव्यविद्यांसाठी अशा सूची निघाल्या. ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो प्रभावांक याच प्रयत्नातून जन्मला. त्याचे गणित सोपे आहे. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत जेवढे लेख छापले, त्यांचा चालू वर्षात एकूण किती वेळा उल्लेख झाला हे मोजावयाचे आणि त्या संख्येस लेखांच्या संख्येने भागावयाचे. मूळ हेतू मर्यादित होता. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत आणि ग्रंथालयाने कोणती मागवावीत, हे ठरविण्यास मदत व्हावी, एवढाच. एका लेखाची वा एका अध्यापकाची योग्यता त्यावरून ठरवावी, असे त्या गणितात कोठेही नव्हते. नियतकालिकाचा प्रभावांक व्यक्तीच्या मूल्यमापनास वापरू नये, असे आवाहन २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने केले, ते याच कारणासाठी.

आपल्याकडे मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या बढतीची सांगड गुणांकांशी घातली आणि पुढे प्रभावांकानुसार वाढीव गुणांचीही सोय झाली. परिणाम काय झाला, तो सर्वांसमोर आहे. गुणांची गरज निर्माण झाली, तशी गुण पुरविणारी दुकाने निघाली. आयोगाच्या मान्यताप्राप्त सूचीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठांच्या शिफारशीने सूचीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ ची तपासणी झाली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. प्रभावांकाविषयी खोटे दावे करणे, हे त्यांतील अनेकांचे लक्षण होते. त्यानंतर २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी सूची आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. आता नियतकालिकाची निवड कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी उरली असून निर्णयाची जबाबदारी विद्यापीठांवर व अध्यापकांवर आली आहे. ही संधी आहे, पण आपण तिच्यासाठी सिद्ध आहोत काय, हा खरा प्रश्न आहे.

मराठीतील एखाद्या राज्यशास्त्रीय नियतकालिकास ही मोजपट्टी लावली, तर उत्तर जवळपास शून्य येईल. ते शून्य त्या नियतकालिकाच्या प्रभावाचे आहे की मोजपट्टीच्या आंधळेपणाचे, हे तपासले पाहिजे. माझ्या मते या शून्यामागे निदान चार कारणे आहेत.

पहिले कारण नावांचे. 'य. दि. फडके', 'यशवंत दिनकर फडके' आणि नुसते 'फडके' ही माणसाच्या दृष्टीने एकच व्यक्ती. यंत्राच्या दृष्टीने तीन. रोमन लिपीत गेल्यावर त्यांची आणखी दोन-तीन रूपे होतात. 'नवभारत' म्हटले की मराठी अभ्यासकास वाईचे मासिक आठवते, परंतु त्याच नावाचे हिंदी दैनिकही आहे. दिवाळी अंकांत आलेल्या लेखांना तर वर्ष-अंक-पृष्ठ ही त्रिसूत्री अनेकदा लागूच पडत नाही.

दुसरे कारण आपल्या ग्रंथव्यवहाराचे. मराठीत महत्त्वाचा लेख प्रथम नियतकालिकात येतो आणि काही वर्षांनी लेखसंग्रहात समाविष्ट होतो. त्यानंतरचे सर्व उल्लेख ग्रंथाच्या नावे जमा होतात. ज्या संपादकाने तो लेख मागितला, तपासला, प्रसंगी लेखकाशी वाद घालून पुन्हा लिहून घेतला, त्याच्या खात्यावर काहीच उरत नाही.

तिसरे कारण काळाचे. पदार्थविज्ञानातील लेख दोन वर्षांत वाचला जातो आणि पाच वर्षांत जुना होतो. मानव्यविद्यांतील लेखाची गती निराळी. महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाचे धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी केलेले संपादन १९६९ साली प्रसिद्ध झाले. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ साली आली. या कार्याचा उपयोग आजही दररोज कोठे ना कोठे होत आहे. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्यास तो दिसणार कसा?

चौथे कारण सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे आहे, आणि ते भाषिक सत्तेचे आहे. गेल ऑम्व्हेट यांचा सत्यशोधक चळवळीवरील ग्रंथ १९७६ साली, तर रोझलिंड ओहॅन्लन यांचा फुल्यांवरील ग्रंथ १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत आणि दोन्हींची उभारणी मराठी साधनांवर झालेली आहे. त्या अभ्यासकांनी आपली साधने प्रामाणिकपणे नोंदविली. परंतु पुढे मराठीतील प्रबंधलेखक काय करतो? तो सिद्धान्तासाठी इंग्रजी ग्रंथाचा हवाला देतो आणि मराठी लेखनाकडे केवळ कच्चा माल म्हणून पाहतो. ज्या मुद्द्याचा ऊहापोह मराठी नियतकालिकात आधीच झाला असेल, तोही इंग्रजीच्या वाटेने परत आल्यावरच त्यास शास्त्रीय वाटतो. सचिन चौधरी यांनी १९४९ साली सुरू केलेले 'इकॉनॉमिक वीकली', १९६६ पासूनचे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', मुंबईतूनच निघाले. त्याचा हवाला देण्यात प्रतिष्ठा आहे. मग त्याच शहरात वाचल्या जाणाऱ्या मराठी मासिकाचा हवाला देण्यात संकोच का वाटावा?

येथवर दोष मोजपट्टीचा होता. परंतु सगळा दोष तिच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मराठीत 'अनुल्लेखाने मारणे' असा एक वाक्प्रचार आहे. प्रतिपक्षाचे खंडन करण्याऐवजी त्याचे नावच घ्यावयाचे नाही, म्हणजे तो आपोआप नाहीसा होतो, ही आपल्या वाङ्मयीन व्यवहारातील जुनी नीती. जेथे अनुल्लेख हे शस्त्र आहे, तेथे उल्लेखांची संख्या हे प्रभावाचे माप कसे होईल? शिवाय या शस्त्राइतकीच घातक एक निष्काळजी सवय आहे. 'देशीवाद' हा शब्द भालचंद्र नेमाडे यांच्या विवेचनाने रूढ केला, पण तो वापरणारे किती अभ्यासक मूळ लेखनाकडे जातात? प्रबंधांच्या टिपांत 'तत्रैव' आणि 'उ. नि.' यांच्या रांगा असतात. मात्र मूळ लेख प्रथम कोठे व केव्हा प्रसिद्ध झाला, हे क्वचितच आढळते. आपणच परस्परांची नोंद ठेवीत नसू, तर परदेशी सूचीने ती ठेवावी ही अपेक्षा व्यर्थ होय.

यावर एक आक्षेप संभवतो. मोजणी मुळातच बाजारवृत्तीची असून मानव्यविद्यांनी तिच्या वाटेस जाऊच नये, असे काही विद्वान म्हणतात. या भूमिकेबद्दल मला आदर आहे, परंतु ती मान्य करता येत नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीही एका अर्थी मोजणीच होती. तिच्यावाचून आजचा मराठी संशोधक पाऊलही टाकू शकत नाही. सूची वाट दाखविते. निकाल देत नाही. गारफिल्ड यांच्या सूचीचेही मूळ कार्य हेच होते. एका लेखाचा धागा पकडून त्याच्या वंशजांपर्यंत पोहोचता यावे, कोणी मान्य केले, कोणी खोडून काढले हे कळावे, हा तिचा खरा उपयोग. आपण ती सूची घेतली नाही. तिच्या शेवटी येणारा आकडा मात्र घेतला.

नियतकालिकातील संशोधनाचे कलही अशा सूचीमुळेच नीट दिसू लागतात. राज्यघटना, शासनसंस्था आणि विचारवंत यांच्या अभ्यासाकडून निवडणुका, पक्ष आणि जातींचे राजकारण यांकडे, आणि तेथून स्त्रीप्रश्न व अस्मितांच्या चर्चेकडे मराठीतील राज्यशास्त्रीय लेखन कसे सरकले, असे आपण व्याख्यानात सहज सांगतो. त्यास आधार म्हणून वर्षानुवर्षांच्या अनुक्रमणिका मांडून दाखविणे ही वेगळी गोष्ट. हे सरकणे मराठी साहित्यातील दलित व स्त्रीवादी प्रवाहांच्या आधीचे, बरोबरीचे की नंतरचे, हा प्रश्न तर साहित्याच्याच अभ्यासकाने विचारावयाचा आहे. राजेंद्र व्होरा व सुहास पळशीकर यांच्या 'राज्यशास्त्र कोशा'ने परिभाषा मराठीत आणली; ती परिभाषा समीक्षेत केव्हा व कशी शिरली, हाही पीएच. डी. च्या तोलाचा विषय आहे.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या योजनांची वाट न पाहता विभागीय पातळीवर तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक संशोधनपत्रिकेने लेखकाचे नाव एकाच निश्चित रूपात, देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत छापावे आणि वर्षाच्या शेवटच्या अंकात लेखांची विषयवार सूची द्यावी. संग्रहातील लेखाचा हवाला देताना मूळ नियतकालिकाचे नाव, महिना व वर्ष नोंदविणे मार्गदर्शकांनी सक्तीचे करावे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, एका नियतकालिकाची दहा वर्षे घेऊन त्यातील लेखांनी कोणाचे उल्लेख केले याची सूची करण्याचे काम असावे. ठाकुर्लीसारख्या उपनगरातील विद्यार्थ्याला एका बाजूस १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आहे, दुसऱ्या बाजूस १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. दोन्ही लोकलच्या वाटेवर आहेत. साधनांचा अभाव ही सबब आपणांस तरी सांगता येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी आपण शिलालेखांपर्यंत गेलो, ते योग्यच झाले. परंतु ज्ञानभाषेची कसोटी एवढ्या दूर नसते. काल मराठीत मांडलेल्या विचाराला आज मराठीत, नाव घेऊन, पृष्ठ सांगून उत्तर मिळते की नाही, येथे ती लागते. मराठी नियतकालिकाचा प्रभाव मोजणाऱ्या परक्या यंत्राशी आपले भांडण अवश्य असावे. मात्र त्या भांडणाला उभे राहण्यापूर्वी आपल्या प्रत्येक प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची एकदा नीट वाचून पाहावी, आणि तीत मराठीतील किती पूर्वसूरींची नावे आहेत, ते मोजावे. ही एवढी मोजदाद मात्र आपणच करावयाची आहे.