परिचारिकांचे वेतन

परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणारा आपला समाज तिच्या वेतनाचा प्रश्न निघताच सेवाधर्माची भाषा बोलू लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने मात्र रोख आकडेच मांडले. २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते फार तर १० टक्के व ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्के कमी चालेल. त्याहून लहान रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांखाली ते जाऊ नये. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर!

सरकारी नोकरीत परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या तरी आहेत. लहानशा खाजगी रुग्णालयात चार वर्षे शिकून आलेल्या पदवीधर मुलीने कोठे चढावे? ती आखाताची वाट धरते, आणि रात्रपाळीस रुग्णाजवळ नवशिकी उरते. त्या नवशिकीस आम्ही दोष देत नाही. रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणीचे नूतनीकरण करावेच लागते. शासनाने त्याच वेळी पगारपत्रकही मागावे.