बेळ्ळूरचे ऋण

बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ मध्ये कर्नाटकातील बेळ्ळूर या खेड्यात झाला. मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी बालपणीच शरीर पोखरले. म्हैसूरला बहिणीचे यजमान कृष्णम्माचार्य यांनी योगाची दीक्षा दिली. शिस्त अतिशय कठोर, तरीही गुरुऋण त्यांनी जन्मभर मानले. १९३७ पासून पुणे ही कर्मभूमी झाली. पुढे जगभर कीर्ती झाल्यावर त्यांच्या पुढाकाराने जन्मगावी शाळा व रुग्णालय उभे राहिले. मला, डॉक्टर म्हणून, त्यातले रुग्णालय अधिक बोलके वाटते.

गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना खुर्चीच्या आधाराने आसने करता येतात, हीदेखील त्यांचीच देणगी. मात्र काचबिंदू वा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास डोके खाली जाणारी आसने टाळावीत, आणि घरच्यांनी ही गोष्ट योगशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावी.