आपल्या नावावरची नोंद आधी आपण वाचू या

कर्ज नाकारले गेले की आपल्या वस्त्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘आपल्याला कोण कर्ज देणार?’ दुसरे, ‘सिबिल खराब आहे म्हणाले.’ पहिल्या वाक्यामागे अनुभव आहे. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग ‘नकारात्मक’ ठरवून तिथे कर्ज देताना हात आखडता घेतल्याचे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे. त्यावर बोलत राहिलेच पाहिजे. पण दुसरे वाक्य ऐकून मान खाली घालून घरी परतणे मला मान्य नाही. सिबिल ही मॅनेजरच्या मनातली गोष्ट नाही. तो एक कागद आहे. तो मागवता येतो, वाचता येतो आणि चुकीचा असेल तर कायद्याने दुरुस्त करून घेता येतो.

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण अशी माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. बँका आणि फायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान स्कोअर ठरतो. रिपोर्टमध्ये नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, कर्जे, भरलेले आणि चुकलेले हप्ते असतात. धर्माचा रकाना त्यात नसतो. मोबाईलसाठी घेतलेला ‘बिनव्याजी’ हप्ता आणि आईने गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे कर्जही त्यात दिसू शकते.

चुका होतात कुठे? पहिली जागा म्हणजे आपली नावे. एकाच गल्लीत एकाच नावाचे तीन शेख सापडतात. ‘मोहम्मद’ हे नाव इंग्रजीत कुणी पूर्ण लिहितो, कुणी ‘मोहद’ असे आखडते, कुणी नुसती ‘एमडी’ ही दोन अक्षरे लावतो. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे, बँकेत तिसरे. मुलींचे नाव लग्नानंतर काही कागदांवर बदलते, काहींवर तसेच राहते. वडिलांच्या पिढीत तर गुरुजींनी शाळेत घालून दिलेली १ जून हीच अनेकांची जन्मतारीख. नाव, तारीख आणि पिनकोड जुळले की एकाची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढायला वेळ लागत नाही. म्हणून आधी आधार, पॅन आणि बँक खात्यावरचे नाव एकसारखे करून घ्या.

मग रिपोर्ट काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. वेबसाईटवर पैसे भरायच्या योजना ठळक दिसतात. मोफत रिपोर्टचा पर्याय शोधून तोच निवडा. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

वाचताना चार गोष्टी पाहा. तुम्ही न घेतलेले कर्ज आहे का? तुमच्या कागदपत्रांची झेरॉक्स वापरून कुणीतरी ते घेतलेले असू शकते. फेडलेले कर्ज अजून चालू दिसते का? तसे असेल तर बेबाकी दाखला काढून ठेवा. ‘सेटल्ड’ असा शेरा आहे का? कमी रकमेत तडजोड केली असेल तर तो शेरा खरा आहे. उरलेली रक्कम भरूनच त्यावर मार्ग निघतो. आणि चौथे, भावाच्या किंवा मित्राच्या गाडीसाठी तुम्ही जामीनदार राहिला आहात का? त्याचे थकलेले हप्ते तुमच्याही रिपोर्टवर येतात.

चूक सापडली तर त्या कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. त्याच दिवशी माहिती पाठवणाऱ्या बँकेलाही लेखी कळवा, कारण बँकेच्या होकाराशिवाय कंपनी सहसा नोंद बदलत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हे सगळे गृहीत धरून अर्जाच्या किमान तीन महिने आधी कामाला लागा. प्रवेशाची फी भरायच्या आठवड्यात रिपोर्ट उघडून काही उपयोग नाही.

‘दोन हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांना स्कोअरच नसतो. स्कोअर नसणे म्हणजे स्कोअर खराब असणे नव्हे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिला अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. व्याजाचे कर्ज घ्यायचेच नाही असे ठरवलेल्या मित्रांनीही रिपोर्ट पाहावा. तुम्ही कर्ज घेतले नसेल, पण तुमच्या नावावर दुसऱ्याने घेतले नाही याची खात्री कोण देणार?

आता पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे येतो. रिपोर्ट स्वच्छ असूनही अर्ज नाकारला गेला, तर बँकेकडे कारण लेखी मागा. अर्ज फेटाळताना मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. हातात स्वच्छ रिपोर्ट आणि बँकेचे पत्र असेल, तर भेदभावाची तक्रार नुसती कुरकुर राहत नाही, तिला पुरावा मिळतो. हाती कागद नसेल तर आपला राग खरा असूनही कुणी दखल घेत नाही.

प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार पदवीधर मुलेमुली आहेत. त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ अभ्यासिकेत बसून शेजाऱ्यांना रिपोर्ट काढायला आणि वाचायला शिकवावे. सुरुवात आपल्या घरातून करा, आणि आईचा, बहिणीचा रिपोर्ट विसरू नका.