कॉफीचा सुगंध: विकतचा आणि घरचा

वेलची, दालचिनी, व्हॅनिला अशी नावे मिरविणारे कॉफीचे डबे आता लहान गावांतील दुकानांतही दिसू लागले आहेत. साध्या कॉफीहून त्यांची किंमत बरीच अधिक असते. हा वाढीव पैसा नेमका कशाचा, असा प्रश्न व्यापारी घराला तरी पडावयास हवा. अशा कॉफीत बहुधा भाजलेल्या बियांवर सुगंधी अर्क चढविलेला असतो आणि तो पुष्कळदा कृत्रिम असतो. खरी वेलची तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतेच.

कॉफीत वेलची घालण्याची चाल अरबस्तानात जुनी आहे. परंपरेनुसार सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. महाराष्ट्रातील घरांनी वेलचीला जायफळाची जोड दिली, आणि पाहुण्यांपुढे येणारी जायफळाची कॉफी हा आतिथ्याचा एक भाग झाला.

कॉफीची बी भोवतालचा वास व ओलावा चटकन शोषून घेते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगविलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी याच गुणातून जन्मली. म्हणून कॉफीची बरणी हिंगाजवळ ठेवू नये. याच गुणाचा लाभही घेता येतो. भाजलेल्या बियांच्या घट्ट झाकणाच्या बरणीत दालचिनीचा तुकडा किंवा व्हॅनिलाची शेंग आठवडाभर ठेवल्यास मंद सुवास उतरतो.

नित्याच्या वापरासाठी कृती सोपी आहे. शंभर ग्रॅम बियांबरोबर आठ-दहा वेलदोड्यांचे दाणे दळावेत. दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच दळावे. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घेऊन ती हलकेच दाबावी. पाण्याला उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून दीडशे मिलिलिटर पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत अर्क खाली उतरतो. तो पुन्हा उकळू नये, कडवट होतो. गरम दुधात अर्क मिसळून वर जायफळ किसावे, चार कपांना चिमूटभर पुरे. जायफळाचा अतिरेक प्रकृतीस अपायकारक असतो. गूळ घालावयाचा असल्यास भांडे विस्तवावरून उतरविल्यावरच घालावा, अन्यथा दूध फाटण्याची भीती असते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. बाजारातील पुष्कळशा फिल्टर कॉफीत चिकोरी असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. त्याने रंग गडद होतो व मालही स्वस्त पडतो. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ही ओळ बारीक अक्षरांत असल्याने वाचली जात नाही. कंदमुळांचा त्याग केलेल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पेल्यात मात्र ते मूळ वर्षानुवर्षे नकळत जात राहते. वाळविलेली सुंठ व हळद जे चालवून घेतात, त्यांना चिकोरीही चालेलच असे नाही. ज्यांना ती चालत नाही, त्यांच्यासाठी चिकोरीविरहित शुद्ध कॉफी सहज मिळते. निर्णय ज्याचा त्याने आपल्या नियमानुसार करावा. पण निर्णय करण्यापूर्वी माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि घरात सामान आणणाऱ्याचे ते कर्तव्य आहे. सुवासिक डबा घेतानाही घटकांची यादी पाहावी. मध वर्ज्य असणाऱ्यांनी तर विशेषच.

दुकानात मालाची पारख करणारी नजर घरच्या डब्यावरही तितक्याच दक्षतेने फिरली, तर पैसा वाचेल, पेल्याला खरा सुगंध येईल आणि घरातल्यांचा विश्वासही अबाधित राहील.