आंबा बाधला की चीक?



आंबे सुरू झाले की घरात कुणाच्या तरी ओठांभोवती पुरळ उठते. "उष्ण पडला," म्हणून मीही सुनेचा आंबा बंद केला होता. चूक माझीच. दोष बहुधा देठाच्या आणि सालीच्या चिकाचा असतो. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले; चिकाने कातडीला खाज सुटते, फोड येतात. वनस्पतीही एकेंद्रिय जीव. चीक हे तिचे संरक्षण. झाडाला कशाला नावे ठेवायची? देठ काढून चीक निथळू द्यावा, आंबा धुवावा, आणि जिला त्रास होतो तिच्यासाठी दुसरीने सोलावा. ओठ, घसा सुजला तर मात्र थेट डॉक्टर. जयणा पाळायची ती घरच्या माणसांसाठीही.